साइडकार काढून बुलेट चालवता येईल का?

प्रश्न (आर्वी, जि. वर्धा): साइडकारसाठी फोर्क (पुढचे चाक धरणारे दांडे) बदलून बुलेटचा ट्रेल कमी करून घेतला आहे, आता साइडकार उतरवून गाडी एकट्याने वावरात न्यायची असल्यास चालेल का?

उत्तर १: भाऊ, हँडलच्या अक्षाची रेषा जमिनीला मिळते तेथून टायर टेकतो तिथपर्यंतचे अंतर म्हणजे ट्रेल, आणि तोच चाक सरळ ठेवतो. तो कमी असला की साइडकारसह हँडल हलके वळते, पण दोन चाकांवर वेग वाढताच, आणि काळ्या मातीतल्या बैलगाडीच्या चाकोरीत तर हमखास, हँडल हातात थरथरू लागते.

उत्तर २: हँडलला डॅम्पर (हिसके शोषणारा भाग) लावला तर थरथर दबेल, पण ट्रेल वाढणार नाही. साइडकारमुळे मधोमध चपटा झिजलेला मागचा टायरही बदला, कारण वळणावर गाडी कलताना तो अडतो.

प्रश्नकर्ता: मूळ फोर्क जपून ठेवला आहे, आधी तोच बसवून घेतो.