खाऱ्या पाण्यातील मासे गळाने पकडण्यासाठी कोणते पुस्तक घ्यावे?

प्रश्न (डिचोली):
मांडवी आणि शापोरा या नद्यांच्या मुखाशी काठावरून गळ टाकण्यास मी अलीकडेच सुरुवात केली आहे. दुकानांत या विषयाची देखणी इंग्रजी पुस्तके मिळतात, परंतु त्यांतील बहुतेक थंड समुद्रांतील माशांविषयी आहेत. गोव्यात उपयोगी पडेल असे पुस्तक निवडताना काय पाहावे?

उत्तर (म्हापसा):
प्रथम शेवटची सूची उघडावी आणि चणक, तांबोशी, शेवटा, मुडदुशी हे आपले मासे तिथे आहेत का, ते पाहावे. स्थानिक नाव नसले तरी चालेल, पण शास्त्रीय नाव हवेच. आपला चणक म्हणजे लेट्स कॅल्कॅरिफर, आणि ऑस्ट्रेलियात बारामुंडी म्हणतात तो हाच मासा. त्यामुळे युरोपच्या किनाऱ्यांवरील जाडजूड ग्रंथापेक्षा बारामुंडीवरचे साधे पुस्तक आपल्याला अधिक जवळचे ठरते. हा मासा पुलाच्या खांबांच्या किंवा बुडालेल्या ओंडक्यांच्या आडोशाला दबा धरून राहतो, त्याला कोणते आमिष कसे द्यावे, ही माहिती इथेही लागू पडते. महिन्यांचे कोष्टक मात्र तसेच्या तसे घेऊ नये, कारण तिथले ऋतू आपल्या उलट असतात. चणक आधी नर असतो आणि पुढे वाढल्यावर मादी होतो, हे ज्या पुस्तकात स्पष्ट केलेले असेल ते मी आवर्जून घेईन. अतिशय मोठे मासे बहुधा अंड्यांवर येणाऱ्या माद्या असतात, आणि त्यांना पाण्यात परत सोडणे मला फार महत्त्वाचे वाटते.

उत्तर (वास्को):
भरती-ओहोटीवरचे प्रकरण तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण, अष्टमीच्या सुमाराची भांग (म्हणजे कमी चढ-उताराची भरती-ओहोटी) आणि रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकणारी भरतीची वेळ, एवढे तरी त्यात नीट समजावलेले हवे. नेमक्या वेळा कोणतेही पुस्तक देऊ शकत नाही. त्यासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाच्या वार्षिक कोष्टकांत मुरगाव बंदर पाहावे आणि नदीत आत जाल तशी भरती उशिरा पोहोचते, हे धरून चालावे.

उत्तर (काणकोण):
विषारी माशांची स्पष्ट चित्रे आहेत का, तेही पाहावे. केंड माशाचे विष शिजवूनही जात नाही. पाकट किंवा शिंगाळा यांचा काटा लागल्यास सोसवेल इतक्या गरम पाण्यात जखम बुडवून लगेच डॉक्टरांकडे जावे, असे प्रथमोपचार ज्यात नाहीत ते पुस्तक नवशिक्याने घेऊ नये.