ईसीजी नॉर्मल, मग लोकलमध्ये जीव का घाबरतो?

डोंबिवलीकर४१:
जून महिन्यातली गोष्ट. सकाळची फास्ट, दिवा स्टेशन गेलं आणि अचानक छाती धडधडायला लागली. हाताला मुंग्या, दरदरून घाम, श्वास पुरेना. वाटलं, संपलं आता. ठाण्याला उतरून बाकड्यावर बसलो. ईसीजी, टूडी इको, थायरॉइड, शुगर सगळं नॉर्मल. 'टेन्शन घेऊ नका' सांगून घरी पाठवलं. त्यानंतर चारदा झालं. आता स्लो पकडतो, दारापाशी उभा राहतो, बॅगेत सॉर्बिट्रेट (छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची हार्टची गोळी) असते. भावोजी म्हणतात मनाचे खेळ. खरंच मनाचे असतील तर मुंग्या कशा येतात?

घाटातली_एसटी:
दादा, मुंग्या खऱ्याच असतात. घाबरून आपण भराभर श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, म्हणून बोटं आणि ओठ बधिरतात. हा पॅनिक अटॅक. साधारण दहा मिनिटांत कळस गाठतो आणि मग ओसरतो. मला खंबाटकी घाटात व्हायचा, म्हणून मी दोन वर्षं सातारला माहेरी गेले नाही! अटॅकपेक्षा 'परत झाला तर?' या धास्तीनेच जास्त खाल्लं मला. तुमची स्लो लोकल म्हणजे तेच. टाळलं की त्या दिवसापुरतं बरं वाटतं, भीती मात्र मुरते. मी सीबीटी घेतली, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी थेरपी. आधी बसमध्ये नुसतं बसायचं, मग पुढच्या थांब्यापर्यंत, असं करत घाट पार केला. आणि ती सॉर्बिट्रेट डॉक्टरांनी दिली नसेल तर घेऊ नका, बीपी उतरतं.

रात्रपाळी:
माझं असं एकदम येत नाही. दिवसभर बारीक आच. मान आखडलेली, पोट बिघडलेलं, पहाटे तीनला टक्क जाग, मुलीच्या फीपासून गॅसच्या नळीपर्यंत कसलीही काळजी. सहा महिन्यांहून जास्त चाललं तेव्हा सायकियाट्रिस्टकडे गेलो. रोजच्या गोळीचा गुण यायला काही आठवडे लागले. झोपेची गोळी ओळखीच्या केमिस्टकडून आणू नका, सवय लागते. कुठे जावं कळत नसेल तर १४४१६ ला फोन करा. मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन टेलीमानस, फुकट, मराठीत बोलतात.

डोंबिवलीकर४१:
शनिवारची अपॉइंटमेंट घेतली. बायकोला हे सगळं वाचून दाखवलं. म्हणाली, आईंना जत्रेच्या गर्दीत असंच व्हायचं की. खरंय. 'जीव घाबरा झाला' म्हणून आई मटकन खाली बसायची आणि आम्ही तिला कांदा हुंगायला द्यायचो.