मदत हवी आहे: मुलीच्या केसांची मिनरल तपासणी केली, आता रिपोर्टचं काय करू?

खानापूरची_आई

नमस्कार मंडळी. मुलगी 19 वर्षांची, बेळगावात बी.कॉम.ला आहे, रोज बसनं जाऊन येऊन. दिवाळीपासून तिचे केस मूठमूठ गळायलेत. न्हाणीघराच्या जाळीवर जमलेला पुंजका बघितला की माझ्याच पोटात गोळा येतो.

महिन्यापूर्वी बेळगावात एका कार्यालयात शिबिर होतं, शेजारणीनं नेलं. मानेमागचे थोडे केस मुळाजवळून कापून पाकिटात घातले आणि 3500 रुपये घेतले. रिपोर्ट आला तो सगळा इंग्रजीत, लाल-हिरव्या पट्ट्यांचा. समजावणारे गृहस्थ कन्नडमधून भराभर बोलत होते. माझं कन्नड बाजारापुरतं, त्यात हे कुठलं कळायला! घरी आल्यावर मुलीनं वाचून सांगितलं: कॅल्शियम फार जास्त, झिंक आणि सेलेनियम जास्त, लोह कमी. केसांत कॅल्शियम जास्त म्हणजे हाडांतून निघून जायलंय, असं ते म्हणाले होते म्हणे. ते ऐकल्यापासून झोप नाही.

सहा महिन्यांचा कोर्स सांगितलाय, पावडर आणि कॅप्सूल, महिन्याला 2800. पहिल्या महिन्याचं आणलंय, पण अजून फोडलेलं नाही. आमच्या आत्या (सासूबाई) म्हणतात, "कापलेल्या केसाला काय कळतंय पोटातलं?" त्यांचं बरोबर की शिबिरवाल्यांचं? कुणाला अनुभव असेल तर सांगा. पैसे गेले ते गेले, मुलीला चुकीचं काही द्यायचं नाही.

निपाणीचा_लॅबवाला

ताई, आधी तीन गोष्टी सांगा. ती कोणता शाम्पू लावते? पाणी नळाचं की बोअरचं? आणि दिवाळीच्या आधी दोन-तीन महिन्यांत मोठा ताप वगैरे आला होता का?

खानापूरची_आई

कोंड्याचा शाम्पू, वर्षभर तोच. पाणी बोअरचं. इतकं जड की हंड्याला पांढरा थर बसतो, डाळ शिजत नाही. ताप होय, ऑगस्टमध्ये डेंगू झाला होता, चार दिवस ॲडमिट होती. पण त्याचा केसांशी काय संबंध?

निपाणीचा_लॅबवाला

संबंध आहे की! मोठा ताप, बाळंतपण, ऑपरेशन, एकदम वजन उतरणं, यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस एकदम गळतात. तापात बरेच केस एकाच वेळी वाढायचे थांबतात आणि गळतात मागाहून. ऑगस्ट ते दिवाळी, हिशेब जुळतो. यातले बहुतेक केस सहा-आठ महिन्यांत आपोआप परत येतात.

आता रिपोर्ट. कोंड्याच्या शाम्पूत बहुतेक वेळा झिंक पायरिथिऑन असतं, काहींत सेलेनियम सल्फाइड. ते केसाला चिकटतं आणि धुऊन पूर्ण जात नाही. बोअरच्या जड पाण्यातला कॅल्शियम तसाच केसात बसतो. म्हणजे मशीननं मोजलं ते तुमचं न्हाणीघर, हाडं नव्हेत. आत्याबाईंना माझा नमस्कार सांगा.

केसांची तपासणी खोटीच असते असं नाही हां. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे पारा किंवा आर्सेनिक अंगात गेला होता का हे त्यातून कळतं. 1971-72 मध्ये इराकमध्ये पारा लावलेलं बियाणं खाऊन लोक दगावले, तेव्हा केसांवरूनच कुणाच्या अंगात किती पारा गेला ते काढलं होतं. पण लोह, कॅल्शियम कमी आहे का, हे केसावरून ठरत नाही. 2001 साली अमेरिकेत एकाच निरोगी व्यक्तीचे केस सहा लॅबना पाठवले. बारा खनिजांच्या बाबतीत सगळ्यात मोठा आकडा सगळ्यात लहान आकड्याच्या दहापटीहून जास्त निघाला. आमच्याकडे शुगरचे आकडे असे यायला लागले तर लोक लॅबला कुलूप ठोकतील.

कडोलीची_वैनी

माझ्या जावेला अशाच कोर्सनं फरक पडला हो. सहा महिन्यांत केस दाट झाले. उगीच सगळ्यालाच नावं ठेवू नये.

निपाणीचा_लॅबवाला

वैनी, त्यांच्या केसांचं मला माहीत नाही. पण जे केस सहा महिन्यांत आपणहून येणार, त्यावर सहा महिन्यांचा कोर्स दिला तर श्रेय कुणाला जाणार?

ताई, बाटलीवर सेलेनियम किंवा व्हिटॅमिन ए लिहिलंय का बघा. ही दोन्ही प्रमाणाबाहेर गेली तर केस उलट गळतात. बायोटिन (केसांच्या गोळ्यांत घालतात ते बी गटातलं व्हिटॅमिन) असलं तर थायरॉइडचा रिपोर्ट चुकू शकतो, म्हणून रक्त द्यायच्या आधी किमान दोन दिवस ते घ्यायचं नाही.

खानापूरची_आई

तिघंही आहेत त्यात! सेलेनियम, ए, बायोटिन. रिपोर्टात सेलेनियम जास्त म्हणतात आणि बाटलीत परत सेलेनियमच? मग रक्ताचं काय काय करू ते एकदाच सांगा.

निपाणीचा_लॅबवाला

सीबीसी (हिमोग्लोबिन आणि रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी). डॉक्टर म्हणाले तर व्हिटॅमिन बी-12 आणि डी. फेरिटिन म्हणजे लोहाचा साठा. हिमोग्लोबिन ठीक असूनही तो रिकामा असू शकतो. 15 च्या खाली गेला तर साठा संपला समजा. अंगात ताप असताना हे करू नका, आकडा फसवा वाढतो. टाळूवर गोल चट्टे असतील किंवा पाळी फार जात असेल तर डॉक्टरांना आधी तेच सांगा. लोहाच्या गोळ्या मात्र रिपोर्टशिवाय सुरू करू नका.

कडोलीची_वैनी

आणि जेवल्याबरोबर चहा देऊ नका पोरीला. लोह अंगी लागत नाही. हुलग्याच्या आमटीवर लिंबू पिळा. हे तरी मान्य आहे का मास्तर?

निपाणीचा_लॅबवाला

शंभर टक्के.

खानापूरची_आई

पाळी फार जाते तिची, हे मी कुणाला बोललेच नव्हते. शनिवारी कॉलेज सुटल्यावर बेळगावातच डॉक्टरांकडे नेते, रिपोर्ट आले की इथं टाकते. बाटली सीलबंद आहे, बिल पण आहे. परत घेतात का कुणाला माहीत आहे? शिबिरवाल्यांचा फोन कालपासून लागत नाही.