बीटल्सच्या आधीही चार्ट्समध्ये दम होता
कुणीतरी म्हटलंय की १९६४ ला ब्रिटिश बँड बीटल्स अमेरिकेत पोचायच्या आधी तिथल्या चार्ट्समध्ये, म्हणजे लोकप्रिय गाण्यांच्या याद्यांमध्ये, काही दमच नव्हता, हे अजिबात पटलं नाही. १९६१ च्या सुरुवातीला शिरेल्स हा मुलींचा गट नंबर वन, वर्षाअखेरीला मार्व्हलेट्स हा दुसरा मुलींचा गट, म्हणजे मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचं पहिलं नंबर वन आणि गाणाऱ्या अगदी कोवळ्या पोरी! १९६३ मधे तर क्यू साकामोतो या जपानी गायकाचं अख्खं जपानी गाणं तीन आठवडे नंबर वन होतं. पण माझा जीव टोर्नेडोज या ब्रिटिश बँडच्या 'टेलस्टार'वर, १९६२ चं, जो मीक या निर्मात्याने लंडनमधे चामड्याच्या दुकानावरच्या भाड्याच्या घरात रेकॉर्ड केलेलं, शब्द एकही नाही, सुरुवातीला रॉकेट उडाल्यासारखा आवाज आणि मग क्लॅव्हिओलिन या इलेक्ट्रॉनिक कीबोर्डची ती थरथरती सुरावट, हेडफोन लावून ऐकाच, अजूनही अंगावर काटा येतो. ब्रिटिश बँडचं अमेरिकेतलं पहिलं नंबर वन हेच, बीटल्सच्या वर्षभर आधी!