प्रति: बीजिंगचा उच्चार पहिल्यापासूनच प्रमाण?

वर म्हटलंय की चिनी भाषेत बीजिंगचा उच्चार पहिल्यापासून प्रमाण होता. तसं नाही. चीनच्या राष्ट्रभाषेचे उच्चार ठरवायला १९१३मध्ये भरलेल्या परिषदेत दर प्रांताला एक मत देऊन ६,५०० हून अधिक अक्षरांचे उच्चार ठरवले. निघालं ते कडबोळं: पाया उत्तरेचा, पण शब्दारंभीचे व्, ङ्, ञ् आणि बीजिंगमध्ये केव्हाच लोपलेला 'रु' हा आखूड, तुटक सूर (सूर म्हणजे शब्दाचा अर्थ बदलणारी आवाजाची चढउतार) मुद्दाम ठेवलेला. शिवाय सूर पाच हे ठरलं, प्रत्येकाची चढउतार कशी ते ठरलंच नाही! मग शिक्षकांनी शिकवायचं काय? भाषाशास्त्रज्ञ च्याओ युआनरननी १९२१मध्ये या उच्चारांच्या ध्वनिमुद्रिका केल्या. पण ही बोली कुणाच्याच घरची नव्हती. अखेर १९३२च्या अधिकृत शब्दसंग्रहात बीजिंगचा उच्चार स्वीकारला, तोही शहरातले गावठी उच्चार वगळून.