'उद्यापासून चीनचं काही घ्यायचं नाही' म्हणणाऱ्यांना

उद्यमबागवाला: 'चीनकडून एक खिळाही नको, सहा महिन्यांत सगळं इथंच तयार होतंय' ही कालची पोस्ट वाचून डोकं फिरलं. खिळ्याचं कोण बोलतंय? 4 एप्रिल 2025 ला सात दुर्मिळ मृदा धातूंच्या (रेअर अर्थ) आणि त्यांच्या मॅग्नेटच्या निर्यातीला परवान्याची अट चीननंच घातली. गाडीच्या मोटरीतला नखाएवढा मॅग्नेट अडला की गाडीची लाइन अडते, आणि आमचं बेळगावच्या भट्टीतलं कास्टिंग 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणून रॅकवर गंजतं. खनिज आपल्याकडं आहे, त्यातून मॅग्नेट करणारी कारखानदारी तुटपुंजी आहे. ती उभी राहीपर्यंत साठा करा, दुसरा विकणारा धरा. बहिष्कार मग बघू.

मलप्रभाकाठ: साठा कारखानदारानं करायचा, आणि आम्ही? पोटॅश खत सगळं बाहेरचं. 2022 ला पोतं 1700 ला गेलं. वर दुकानदारानं नको असलेली औषधाची बाटली गळ्यात मारली, नाहीतर पोतं नाही म्हणे. उसाला काय, देशभक्ती घालू?

देशीबाणा (कालची पोस्ट माझीच): शेणखत घाला की. आजोबा काय घालत होते?

मलप्रभाकाठ: आजोबांचा एकरी उतारा सांगू काय?

घाटाखालचा: परावलंबन आम्हा गोंयकारांना विचारा. बेळगाव-पणजी रस्त्यावर चोर्ला घाटात दरड पडली की पणजीत टोमॅटोला हात लावता येत नाही. भाजी बेळगावची, तरी आम्ही बेळगाववर बहिष्कार घालत नाही.

मलप्रभाकाठ: भाजी गोड लागते, आणि म्हादई नदीचं पाणी मागितलं की कोर्टात पळता! लवादानं 2018 ला कर्नाटकाला 13.42 टीएमसी दिलंय.

घाटाखालचा: दिलं म्हणून नदी आटवायची? अभयारण्य आहे तिथं.

मलप्रभाकाठ: अभयारण्य खाऊन जगा मग. ट्रक अडवले की कळेल.

खानापूरची काजूवाली: भाऊ, जरा दमानं. कालवा आमच्या कणकुंबीत खणला, पाणी जाणार हुबळी-धारवाडला. आम्हाला कुणी विचारलं? आणि ट्रक अडवायची भाषा कशाला? आमच्याकडं फोडायला आफ्रिकेची बी येते म्हणून बायकांना वर्षभर काम आहे. गावची बी दिवाळीपर्यंत पण पुरत नाही.

देशीबाणा: म्हणजे काजू पण परदेशी! बरं, मॅग्नेट आणा, पोटॅश आणा, बी पण आणा. खरं दिवाळीच्या चिनी दिव्यांच्या माळा तरी सोडा की.

उद्यमबागवाला: सोडल्या. माळांवाचून माझी भट्टी बंद पडत नाही. पाण्याचा धागा कृपा करून वेगळा काढा.

मलप्रभाकाठ: का? पाणी आयात होत नाही म्हणून?