आरबीएसकेचं पथक येऊन गेलं, आता समुपदेशक कुठून आणू?

सातवीच्या बाई
जि. प. शाळा, पहिली ते आठवी, पट १८०. गेल्या आठवड्यात आरबीएसकेची, म्हणजे शाळेत येऊन मुलांची तपासणी करणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची, गाडी येऊन गेली. व्हरांड्यात रांग, वजनकाटा, भिंतीवर डोळे तपासायचा तक्ता, नेहमीसारखं सगळं. पथकाबद्दल माझी तक्रार नाही, आधीच सांगते. आमच्या एका मुलीच्या हृदयातलं छिद्र त्यांनीच पकडलं आणि शस्त्रक्रिया मोफत झाली.

प्रश्न माझ्या वर्गातल्या एका मुलाचा आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर त्याची डावी भुवई विरळ होत गेली, आता जवळजवळ नाहीच. पथकातल्या डॉक्टरांनी बुरशी म्हणून मलम दिलं. चार दिवसांनी गणिताच्या तासाला मागून फेरी मारताना दिसलं, हा एकेक केस चिमटीत धरून उपटतो आणि वहीच्या मधल्या पानावर ठेवतो. ओळीने. आईवडील ऊसतोडीला गेलेत, हा आजीजवळ. आजी म्हणते नजर लागली.

मी ओरडले नाही, एवढंच केलं. डी.एड.ला बालमानसशास्त्राचा पेपर होता, त्यात पियाजे होता, भुवई नव्हती.

शनिवारी शाळा व्यवस्थापन समितीची बैठक आहे. आठवड्यातून एक दिवस समुपदेशक यावा असा ठराव घ्यायचा विचार आहे. समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं संयुक्त अनुदान आमच्या पटाला वर्षाला ५०,०००, त्यातच वीजबिल, खडू, दुरुस्ती, वर किमान १० टक्के स्वच्छतेला. मानधन द्यायचं कशातून? कुणी केलंय का?

ग्रामसेवक, नाव नको
ग्रामपंचायतीला येणाऱ्या वित्त आयोगाच्या निधीतून मिळेल असं कुणी म्हणालं तर हो म्हणू नका. त्यातल्या अबंधित, म्हणजे ठरावीक कामाची अट नसलेल्या, निधीतूनही पगार आणि आस्थापना खर्च बसत नाही. खोली मागा, पंखा मागा, टेबल-खुर्ची मागा, बसवून देतो. माणूस मागू नका. समुपदेशन कक्ष होईल बाई, समुपदेशक होणार नाही.

फिरता डॉक्टर
पाच वर्षं पथकात आहे, बीएएमएस. ते मलम देणारा मी नव्हे, पण मीही तेच दिलं असतं. मोठ्या मुलांच्या फॉर्मवर उदास वाटतं का हा प्रश्न आहे बरं का. पण तो विचारायचा व्हरांड्यात, मागे तिघं खिदळत उभे. दिवसाला शंभरेक पोरं, शाळेत वर्षातून एकदा. सगळे 'नाही' म्हणतात, आम्ही टिक करतो आणि पुढचा.

पुढच्या वेळी गाडीतून उतरल्या उतरल्या दोन-तीन नावांची चिठ्ठी हातात द्या. त्यांना सगळ्यांत शेवटी, वर्गात बसवून बघतो. मलम थांबवलं तरी चालेल.

मैत्री क्लिनिक
मी ग्रामीण रुग्णालयात किशोरवयीन मुलांची समुपदेशक आहे. न बघता निदान करणार नाही, पण केस उपटत राहण्याला ट्रायकोटिलोमॅनिया म्हणतात. तो हट्ट नाही, 'हात खाली घे' म्हणून थांबत नाही. कधी, कुठल्या तासाला होतं ते तुमच्यापुरतं टिपून ठेवा, मला ते लागेल.

मानधन शोधू नका. शाळांना भेटी देणं माझ्या कामातच आहे. मुख्याध्यापकांचं पत्र वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे आलं की माझी फिरती मंजूर होते, पत्र नसेल तर मी टेबलावरच. तोवर टेली-मानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास. शिक्षक म्हणून तुम्हीही फोन करू शकता.

आणि बैठकीत कुणीतरी म्हणेलच, शिक्षकांनाच प्रशिक्षण द्या. केंद्राच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात २०२० पासून शाळेमागे दोन शिक्षक त्यासाठी नेमायचे आहेतच. पण बिहारमध्ये नालंदा जिल्ह्यात ७४ शाळांत 'सेहर' नावाचा प्रयोग झाला, निष्कर्ष २०१८ साली लॅन्सेटमध्ये आले. एकच कार्यक्रम, काही शाळांत शिक्षकांनी चालवला, काहींत प्रशिक्षण दिलेल्या साध्या, तज्ज्ञ नसलेल्या समुपदेशकांनी. समुपदेशकांच्या शाळांत नैराश्य आणि दादागिरी कमी झाली. शिक्षकांच्या शाळांत फरक पडला नाही. मला याचं नवल वाटलं नाही. ज्याच्या हातात मार्क, त्याला मूल काय सांगणार?

सातवीच्या बाई
बैठक झाली. एका सदस्यांना कक्षच हवा होता, दारावर पाटी लावून. मी म्हटलं, त्या दारातून आत जाताना पोराला अख्खी शाळा बघेल. पाटी रद्द. ठरावात दरमहा एक भेट मागितली आहे, पत्र मुख्याध्यापकांनी त्याच दिवशी पाठवलं. बसायला ग्रंथालयाची खोली, तिथे कुणीही कधीही जातं.

मॅडम, टिपलंय. गणिताच्या तासाला कमी, मधल्या सुट्टीनंतर जास्त. आणि रविवारी संध्याकाळी आईचा फोन येतो, म्हणून सोमवारी सगळ्यांत जास्त. आजी यायला तयार आहे. तिचं एकच विचारणं आहे, तिथे सुई देतात का.